क्षमेचा अधिकार कोणाचा?

एका शहराच्या ख्रिस्ती मंडळीवर एकच बिशप असावा, हा नियम पहिल्या शतकात सर्वत्र रूढ झालेला नव्हता. पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या आरंभी 'अध्यक्ष' अनेकवचनात येतात, आणि 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात इफिसचे जे वडीलजन त्याच्या भेटीला येतात, त्यांनाच तो आपल्या भाषणात अध्यक्ष म्हणतो. यावरून देखरेख करणारा 'एपिस्कोपॉस', म्हणजे पुढच्या काळातील बिशप, आणि वडीलकीचा मान असलेला 'प्रेस्बुतेरॉस', म्हणजे पुढच्या काळातील धर्मगुरू, यांच्यात तेव्हा स्पष्ट सीमा आखलेली नव्हती, असे दिसते. त्याशिवाय गावोगाव फिरणारे प्रेषित आणि संदेष्टेही होते. त्यांच्यापैकी जो तीन दिवस मुक्काम ठोकील किंवा पैसे मागील तो खोटा समजावा, अशी सूचना 'दिदाखे' या प्राचीन नियमग्रंथात आढळते, तेव्हा फुकट्या पाहुण्यांचा अनुभव मंडळ्यांनी घेतलेला असणार.

दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा इग्नातियस शिक्षा भोगण्यासाठी रोमला नेला जात असताना वाटेतील मंडळ्यांना पत्रे लिहितो आणि बिशपवाचून काही करू नका, असे पुन्हा पुन्हा बजावतो. मात्र जी गोष्ट इतक्यांदा सांगावी लागते ती सर्वांच्या अंगवळणी पडलेली नसावी, हे उघड आहे. एकाच बिशपाच्या हाताखाली वडीलजन आणि मदतकार्य पाहणारे सेवक, म्हणजे डीकन, ही रचना पुढे स्थिरावली, त्यामागे धर्मतत्त्वाइतकाच व्यवहारही होता. रोमचा बिशप कोर्नेलियस 251 च्या सुमारास लिहिलेल्या एका पत्रात आपल्या मंडळीत 46 वडीलजन आणि 7 डीकन असल्याचे सांगतो, आणि मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या विधवा व गरजूंची संख्या दीड हजारांहून अधिक देतो. एवढ्या लोकांना पोसणारी तिजोरी ज्याच्या ताब्यात, त्याच्या शब्दाला वजन येणारच.

त्या वजनाची खरी कसोटी आजच्या ट्युनिशियातील कार्थेज येथे लागली. तेथील सिप्रियन हा वक्तृत्वाचा शिक्षक आणि सधन गृहस्थ. बाप्तिस्मा घेतल्यावर अवघ्या काही वर्षांत, 248 च्या सुमारास, लोकांच्या आग्रहाने तो बिशप झाला, आणि काही ज्येष्ठ वडीलजनांना हे मुळीच रुचले नाही. लवकरच सम्राट डेसियसने साम्राज्यातील सर्वांनी देवतांना बळी अर्पण करावा, असे फर्मान काढले. तसे केल्याचा दाखला सरकारी मंडळाकडून घ्यावा लागे आणि असे काही दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर टिकून राहिले आहेत: आपण नेहमीच देवांना बळी देत आलो, आताही तुमच्यासमोर पेय अर्पण केले आणि बळीचे मांस चाखले, तरी तशी नोंद करावी, असा अर्ज आणि त्याखाली साक्षीदार अधिकाऱ्यांच्या सह्या. अनेक ख्रिस्ती लोकांनी बळी दिला, तर काहींनी पैसे चारून नुसता कागद मिळवला.

संकट ओसरू लागताच या 'पतितांना' परत घ्यायचे की नाही आणि घ्यायचे तर कोणी, हा प्रश्न उभा राहिला. तुरुंगात छळ सोसूनही न डगमगलेल्यांना लोक पूज्य मानत आणि हे 'कबुलीवीर' क्षमेच्या चिठ्ठ्या सढळ हाताने देऊ लागले; काही वडीलजनांनी तर त्या चिठ्ठ्यांवरच पतितांना प्रभुभोजनात सामील करून घेतले. सिप्रियन स्वतः लपून राहिला होता, त्यामुळे त्याची नैतिक बाजू लंगडी होती. तरीही लपल्या जागेवरून पत्रांमागून पत्रे धाडून त्याने क्षमेचा निर्णय बिशपाचाच, असा हट्ट धरला. 251 मध्ये आफ्रिकेतील बिशपांच्या परिषदेने मधला मार्ग काढला: केवळ दाखला घेतलेल्यांना चौकशी करून परत घ्यावे, प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांनी प्रायश्चित्त चालू ठेवावे आणि त्यांना मृत्यूच्या दारात असताना क्षमा मिळावी. धैर्याने मिळवलेल्या अधिकारावर पदाच्या अधिकाराने येथे मात केली, आणि छळ सोसलेल्यांच्या वाट्याला आदर तेवढा उरला.

तथापि सिप्रियनच्या मते पदही निरंकुश नव्हते. स्पेनमधील दोन कलंकित बिशपांच्या प्रकरणात त्याने लिहिले की, लायक बिशप निवडण्याचा आणि नालायक नाकारण्याचा अधिकार लोकांना आहे. फुटीर गटांनी दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य धरावा, असे रोमचा बिशप स्तेफन म्हणू लागला, तेव्हा 1 सप्टेंबर 256 रोजी कार्थेजला जमलेल्या 87 बिशपांनी त्याच्याविरुद्ध मत दिले. आपल्यापैकी कोणीही स्वतःला बिशपांचा बिशप समजत नाही, असा टोलाही सिप्रियनने तेथे लगावला. हा वाद मिटण्यापूर्वीच स्तेफन वारला, आणि 14 सप्टेंबर 258 रोजी सम्राट वॅलेरियनच्या राजवटीत सिप्रियनचा शिरच्छेद झाला. 314 मध्ये आर्ल येथील परिषदेने आफ्रिकेची जुनी प्रथा बाजूला सारून रोमची रीत स्वीकारली; तरीही पुढील शतकभर आफ्रिकेतील फुटीर डोनाटपंथी आणि त्यांचा विरोधक हिप्पोचा बिशप ऑगस्टिन, दोघेही सिप्रियन आपल्याच बाजूचा असल्याचा दावा करत राहिले.