ओल, बुरशी आणि आपला श्वास

या स्मृतिपुस्तिकेसाठी माझ्याकडून संतवाङ्मयावर किंवा बखरींवर लेखाची अपेक्षा असते. यंदा विषय निवडला आहे तो भिंतीवरच्या बुरशीचा. मराठीच्या प्राध्यापकाचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. जुनी दप्तरे आणि पोथ्या चाळण्यात माझी हयात गेली. मोडी कागदांचा रुमाल सोडला की पहिली सलामी शिंकांची व्हायची. हे निव्वळ धुळीचे काम नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी या विषयाचे वाचन करीत आलो आहे.

बेळगाव-खानापूर पट्ट्यात श्रावणात कपाट उघडताच जो कुबट वास येतो, ती बुरशी वाढत असल्याची वर्दी होय. तिचे बीजाणू हवेत सदैव असतातच. रुजायला त्यांना ओल तेवढी हवी. खाद्याची वाण नसते. पुस्तकबांधणीची खळ, चामडी पुठ्ठा, लाकूड, गादीचा कापूस, काहीही चालते. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही की बुरशी धरू लागते. 'ॲस्परजिलस' ही घराघरांतली नित्याची बुरशी. हे नाव १७२९ साली फ्लॉरेन्सचा वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली याने दिले, कारण सूक्ष्मदर्शकाखाली तिचा आकार त्याला चर्चमध्ये तीर्थ शिंपडण्याच्या साधनासारखा दिसला. गोव्याकडच्या वाचकांना हे साधन परिचयाचे असेल. नाव मोठे समर्पक आहे. ही बुरशी खरोखरच शिंपडत असते. तिच्या एका जातीचे बीजाणू अवघे २ ते ३ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट-तिप्पट एवढेच असतात. नाकाला न जुमानता ते फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचू शकतात.

धडधाकट शरीर बहुधा त्यांचा परस्पर निकाल लावते. ज्यांना वावडे आहे त्यांना मात्र शिंका, डोळ्यांना पाणी, रात्रीचा खोकला आणि दम्याची उबळ यांचा त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शिका काढली. तीत ओलसर घरांचा श्वसनविकारांशी आणि दम्याशी असलेला संबंध मान्य केला आहे. मात्र अमुक इतक्या बुरशीपर्यंत धोका नाही, अशी आकड्यातली मर्यादा दिलेली नाही. क्षयाने फुप्फुसात पोकळी राहिलेल्या माणसाच्या त्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढू शकतो आणि थुंकीतून रक्त पडू शकते. क्षय बरा झाला म्हणून निश्चिंत असलेल्यांनी हे ध्यानी ठेवावे.

दोन गैरसमज येथेच दूर केलेले बरे. २०२१ साली करोनाच्या साथीत 'काळी बुरशी' म्हणून ज्या रोगाची धास्ती पसरली, त्याचा आणि न्हाणीघरातल्या काळ्या डागांचा संबंध नाही. तो 'म्युकर' वर्गातील बुरशीचा रोग. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड औषधे यांमुळे तो फोफावला. दुसरा समज असा की, काळी बुरशी तेवढी विषारी आणि पांढरी, हिरवी निरुपद्रवी. रंगावरून असा निवाडा करता येत नाही.

धोका किती टोकाला जाऊ शकतो, हे इंग्लंडमधील रॉचडेल येथे दिसले. डिसेंबर २०२० मध्ये तेथे दोन वर्षांचे एक बालक दगावले. घरातील बुरशीच्या दीर्घ सहवासाने जडलेला श्वसनविकार हे त्याचे कारण, असा निष्कर्ष २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीत निघाला. वडिलांनी तक्रार केली तेव्हा त्यांना सल्ला मिळाला होता तो डागांवर रंग मारण्याचा. आपल्याकडेही दिवाळीपूर्वी नेमके हेच घडते! भिंत आतून ओली असेल तर रंगाच्या पापुद्र्याखाली बुरशी सुखाने नांदते. आधी फुटके कौल, गळका नळ, गच्चीची भेग यांची दुरुस्ती हवी. नंतर साबणाच्या पाण्याने पुसणे आणि भिंत पुरती वाळू देणे.

आता शाळांविषयी. पावसाळा सरला की ग्रंथालयातील पुस्तके झटकण्याच्या कामी मुलांना लावण्याची रीत मी अनेक शाळांत पाहिली आहे. कोरड्या झटक्याने बीजाणू हवेत उधळतात आणि ते मुलांच्याच छातीत जातात. हे काम मोठ्यांनी, तोंडा-नाकावर चांगला मास्क लावून, उघड्या व्हरांड्यात करावे. आधी पुस्तके सावलीत, वाऱ्यावर वाळू द्यावीत आणि मग मऊ कुंचल्याने अंगापासून दूर झाडावीत. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत, म्हणजे मागून हवा खेळते. आणि वर्गात दम्याचे कोण आहे, याची यादी वर्गशिक्षकांनी जूनमध्येच करून ग्रंथपालांकडे द्यावी.