हिरडीतलं रक्त चूळ भरून विसरू नका

वस्तीत शुगर तपासायला बसलो की आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो, "दात घासताना हिरडीतून रक्त येतं का?" बहुतेक जणी हसतात. "ते तर कधीपासूनच येतं, सिस्टर. त्याचं काय एवढं?" हाताला विळी लागून रोज रक्त आलं असतं, तर याच ताई दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेल्या असत्या. तोंडातलं रक्त मात्र चूळ भरली की विसरलं जातं.

मागे एका मावशींची शुगर काही केल्या खाली येईना. गोळी वेळेवर, चहा बिनसाखरेचा, भात कमी. तरी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी नऊच्या वरच. एकदा त्या म्हणाल्या, "भाकरी चावत नाही आता." म्हणून तोंड पाहिलं. हिरड्या लालभडक, सुजलेल्या. खालचे दोन दात हलत होते आणि हिरडी दाबली की पू येत होता. इतकी वर्षं नर्सिंग करूनही शुगरच्या पेशंटचं तोंड उघडून पाहायचं आम्हाला उशिराच सुचलं. म्हणून हा लेख.

हिरडीत नेमकं काय होतं?

दातावर रोज जंतूंचा एक चिकट थर बसतो. नीट घासला तर निघतो. राहिला तर काही दिवसांत कडक होतो, त्याला आपण किटण म्हणतो. किटण ब्रशने निघत नाही. त्याच्या आधाराने जंतू हिरडीच्या कडेला वाढतात, हिरडी सुजते आणि रक्त येऊ लागतं. इथपर्यंतचा आजार पूर्ण बरा होतो.

पुढे हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खाच पडते. आत दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. झिजलेलं हाड सहसा परत येत नाही. दुखत नाही, म्हणून कळतही नाही. दात हलायला लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. आजार वाढलेल्या माणसाच्या सगळ्या दातांभोवतीची ही कच्ची जखम एका ठिकाणी पसरली, तर दहा रुपयांच्या नाण्याहून मोठी भरेल. एवढी उघडी जखम महिनोन् महिने अंगावर वागवली, तर शरीराला त्रास होणारच.

शुगर आणि हिरडी, दोघी एकमेकींना बिघडवतात

शुगर वाढलेली असली की जंतूंशी लढायची ताकद कमी होते, जखम लवकर भरत नाही, म्हणून हिरड्या जास्त बिघडतात. उलट बाजूनेही तसंच. हिरडीतली सूज रक्तात असे पदार्थ सोडते की शरीरातलं इन्शुलिन नीट काम करत नाही आणि शुगर चढते. अनेक अभ्यासांतून दिसलं आहे, की हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत ती सरासरीची तपासणी साधारण ०.४ ने खाली येऊ शकते. आकडा लहान वाटेल, पण तो गोळ्या आणि पथ्याच्या जोडीने मिळणारा फायदा आहे. गोळी मात्र बंद करायची नाही.

हृदय, फुफ्फुस, बाळंतपण

हिरड्यांचा आजार असलेल्यांत हृदयविकार आणि लकवा जास्त आढळतो. पण तंबाखू आणि शुगर ही कारणं दोन्हीकडे असतात. त्यामुळे हिरडीमुळेच हार्ट अटॅक येतो, असं कोणी छातीठोक सांगत असेल तर लगेच विश्वास ठेवू नका. ज्यांची हृदयाची झडप बदललेली आहे किंवा जे झडपेच्या आजारावर उपचार घेत आहेत, त्यांनी मात्र दात काढण्यापूर्वी ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात.

अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांचं तोंड रोज साफ करा. तोंडातले जंतू श्वासावाटे फुफ्फुसात गेले की न्यूमोनिया होऊ शकतो.

गरोदरपणात हिरड्या सुजतात आणि लवकर रक्त येतं. तेव्हा दात घासणं सोडू नका. दातांचे उपचार गरोदरपणात करता येतात. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा.

मिशरीबद्दल स्पष्टच बोलतो

"मिशरी लावली की हिरड्या घट्ट होतात," असं आपल्या आज्या सांगत आल्या. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती लावल्यावर बरं वाटतं, ते तलफ भागते म्हणून. सकाळी एकदा लावणारी बाई हळूहळू दिवसातून चार वेळा लावू लागते, ते याच तलफेमुळे. हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मुंबईतल्या १२१७ गरोदर महिलांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बिनधुराची तंबाखू, म्हणजे बहुतेक करून मिशरीच, वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून कायद्याने बंदी आहे, तरी मिशरीचा डबा घरोघरी आहेच. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ या सरकारी नंबरावर फोन फुकट लागतो.

आपण काय करायचं?

• मऊ ब्रश आणि साधी फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. रात्रीचं घासणं चुकवू नका. राख, कोळसा, विटकरीची भुकटी नको.

• रक्त येतं म्हणून घासणं थांबवू नका. आजार सुरुवातीचा असेल तर नीट घासल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्त कमी होतं.

• दोन आठवड्यांनंतरही रक्त थांबलं नाही, पू आला, दात हलला, किंवा तोंडातला चट्टा, फोड भरला नाही, तर दंत विभागात जा. तापासोबत हिरडीतून रक्त आलं तर त्याच दिवशी जा. डेंग्यूतही असं होतं.

• शुगर असेल तर वर्षातून एकदा तरी हिरड्या तपासून घ्या.

• मशीनने किटण काढल्यावर दात सैल होतात, हा गैरसमज आहे. किटण निघाल्यावर आधी झालेली झीज उघडी दिसते, एवढंच.

एक दिवसाची मजुरी बुडते, हे आम्ही जाणतो. खाजगीत परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाचा दंत विभाग आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. मुंबईत नायरचं दंत रुग्णालय आहे. सकाळी लवकर जा, शुगरचे कागद सोबत न्या.

त्या मावशींचे दोन दात वाचले नाहीत. बाकीचे वाचले. किटण काढलं, डॉक्टरांनी गोळीही बदलली, शुगर खाली आली. आता त्या रविवारी विहारात शेजारी बसणाऱ्या बायांना स्वतःच विचारतात, "रक्त येतं का गं हिरडीतून?" तुम्हीही आज घरात सगळ्यांना एकदा विचारा.