घरात बारा बोअर आहे, पण तिची वही आहे का?

सोलापूर : घरातला कर्ता माणूस गेला की तेराव्यानंतर कागदं बाहेर निघतात. सातबारा, सोसायटीचं कर्ज, कारखान्याचे शेअर, बँकेचं पासबुक. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज जातो. हे सगळं कुणाला शिकवावं लागत नाही. पण कपाटामागं उभी केलेली बारा बोअर बंदूक त्या दिवशी कुणाच्याच ध्यानात येत नाही. आठवण होते ती चार-सहा महिन्यांनी, निवडणूक लागल्यावर किंवा पोलीस ठाण्यातून परवान्याची विचारणा आल्यावर. तोपर्यंत ती बंदूक घरात बेकायदेशीर होऊन बसलेली असते आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

जिल्ह्यात माळशिरस, माढा, करमाळ्याच्या ऊसपट्ट्यात रानडुकरांमुळे, वस्तीवर एकटं राहणाऱ्यांनी संरक्षणासाठी, तर जुन्या वाड्यांत पिढीजात म्हणून परवान्याच्या बंदुका आहेत. बँकेत किंवा कारखान्यावर सुरक्षारक्षकाचं काम करणाऱ्या माजी सैनिकांकडेही आहेत. बहुतेक जणांनी परवाना जपलेला असतो. पण बंदुकीचा सगळा हिशोब एका ठिकाणी लिहून ठेवलाय, असं घर क्वचित सापडतं. एक शंभर पानी वही घेतली तर पुढचा बराच त्रास वाचतो. तो कसा, ते पाहू.

परवाना माणसाच्या नावावर, घराच्या नाही

शस्त्र अधिनियम १९५९ चा हा कायदा आणि शस्त्र नियम २०१६ मधले नियम यावर सगळं चालतं. ग्रामीण भागात परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो, सोलापूर शहरात पोलीस आयुक्तालयातून. परवाना ज्याच्या नावावर, बंदूक त्याचीच. वडिलांच्या नावावरची बंदूक मुलाने राखणीला नेली तर ती मुलाकडे विनापरवाना ठरते.

इथं एक सवलत आहे, ती माहीत असावी. परवानाधारक समोर असेल किंवा त्याने लेखी दिलं असेल, तर दुसरा माणूस बंदूक दुरुस्तीला किंवा परवाना नूतनीकरणासाठी नेऊ शकतो. म्हातारे वडील तालुक्याला जाऊ शकत नाहीत म्हणून मुलगा मोटारसायकलवर बंदूक घेऊन निघाला, तर खिशात वडिलांच्या सहीची चिठ्ठी पाहिजे. तोंडी सांगणं वाटेत कामाला येत नाही. या चिठ्ठीची एक प्रत वहीत चिकटवून ठेवावी.

परवानाधारक वारला, मुदत संपली किंवा परवाना निलंबित झाला, की घरात बंदूक ठेवण्याचा हक्क संपतो. अशा वेळी उगाच उशीर न करता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची, असं कायदा सांगतो. जमा केली म्हणजे गेली, असं नाही. वारसाने आपल्या नावावर परवाना मिळवून ती परत घेता येते किंवा परवाना असलेल्या माणसाला विकता येते. मात्र त्याला मुदत असते. मुदतीत कुणी फिरकलंच नाही तर शस्त्र सरकारजमा होऊ शकतं.

आणि जमाच केली नाही तर? २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याला किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. “आमच्या आजोबांची आहे” हे उत्तर तिथं चालत नाही.

वहीत काय लिहायचं

एका बंदुकीला एक पान द्यावं. वर मोठ्या अक्षरात बंदुकीचा नंबर. त्याखाली प्रकार म्हणजे एकनळी की दुनळी, बोअर, बनवणाऱ्या कंपनीचं नाव, नळीची लांबी आणि ओळखीच्या खुणा. दस्त्याला तडा असेल, पट्टा नवा लावला असेल, तेही लिहावं. मग परवाना क्रमांक, परवान्यावरचा युआयएन, मुदत कधी संपते ती तारीख. बंदूक कुणाकडून आणि कधी घेतली, बिल आहे का, की वारसाने आली, हे शेवटी.

नंबर लिहिताना परवान्यावरून उतरवून घेऊ नये. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, नळी भिंतीकडं धरून, प्रत्यक्ष लोखंडावरचा नंबर वाचावा आणि मग परवान्याशी ताडून बघावा. जुन्या परवान्यांत हाताने लिहिलेला नंबर असतो. तीनचा आठ झालेला असतो, एखादा आकडा सुटलेला असतो. ही चूक घरच्यांच्या लक्षात आली तर अर्ज देऊन दुरुस्त करून घेता येते. तपासणीत पोलिसांच्या लक्षात आली तर मात्र खुलासा देत बसावं लागतं.

नंबरला एवढं महत्त्व का, याचं कारण कायद्यातच आहे. बंदुकीवरचा कंपनीचा शिक्का आणि नंबर खोडणं हा गुन्हा आहे. नंबर खोडलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो खोडला असं धरलं जातं, तसं नाही हे त्यानेच सिद्ध करायचं. गंजाने अक्षरं पुसट होत असतील किंवा पॉलिश करताना घासली जाणार असतील, तर आधीच नंबरचा स्पष्ट फोटो काढून, छापून वहीत लावावा. बंदूक दुरुस्तीला दिली तर दुकानदाराची पावती, दिल्याची आणि आणल्याची तारीख लिहावी.

युआयएन म्हणजे देशभरातल्या परवान्यांच्या संगणकीय नोंदीतला तुमचा क्रमांक. हा क्रमांक नसलेला परवाना आता वैध धरत नाहीत. अजून पुस्तकी परवाना तसाच ट्रंकेत असेल आणि त्यावर हा क्रमांक नसेल, तर आधी शस्त्र परवाना शाखेत जाऊन चौकशी करावी.

काडतुसाचा हिशोब वेगळा

वहीची मागची पानं काडतुसांना ठेवावीत. एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं घेता येतील, हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. दुकानदार विक्रीची नोंद करतो. पण त्यातली उडवली किती, उरली किती, याची नोंद घरच्यानेच ठेवायची. हिशोब साधा आहे : तारीख, आणली १०, उडवली २, कशासाठी, शिल्लक ८. रिकाम्या पुंगळ्याही फेकू नयेत, मोजून ठेवाव्यात.

हे कशाला? कारण काडतूस कमी पडलं तर प्रश्न येतो आणि जास्त निघालं तरी येतो. आजोबांच्या काळातली फुगलेली, ओल लागलेली काडतुसं डब्यात तशीच पडून असतात. ती वापरूही नयेत आणि विहिरीत टाकूही नयेत. वहीत संख्या लिहून पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी.

लग्नात, वरातीत, यात्रेत हवेत बार काढायचा हौशी प्रकार आता थेट कायद्यात आला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार निष्काळजीपणे बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काडतुसाची वही नीट असेल तर मित्राच्या आग्रहालाही उत्तर सापडतं, “हिशोब द्यावा लागतो बाबा.”

तिसरी बंदूक

२०१९ पर्यंत एका माणसाला ३ बंदुका ठेवता येत होत्या. त्या वर्षी १४ डिसेंबरपासून ही मर्यादा २ वर आली. ज्यांच्याकडे तिसरी होती त्यांनी ती एका वर्षात जमा करायची होती. वारसाने मिळालेल्या बंदुकाही याच मोजणीत धरतात.

समजा, एखाद्या घरात आजोबांची एक, वडिलांची एक आणि मुलाची स्वतःची एक अशा तीन बंदुका आहेत. तिघे हयात असेपर्यंत तिघांचे तीन परवाने, अडचण काही नाही. पण दोघांच्या माघारी तिन्ही एकट्या नातवाच्या नावावर येऊ शकत नाहीत. कुठली ठेवायची, कुठली विकायची, हे आधीच ठरलेलं बरं. वही असेल तर ते बसून ठरवता येतं.

वारसाला परवाना देण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत आहे. मृत्यूनंतर तर अर्ज करता येतोच. पण परवानाधारकाचं वय ७० झालं असेल किंवा त्याने बंदूक २५ वर्षं बाळगली असेल, तर तो हयातीतच आपल्या वारसाचं नाव सुचवू शकतो. वारसाचं वय किमान २१ पाहिजे. त्याची चौकशी इतर अर्जदारासारखीच होते, परवाना आपोआप मिळत नाही. भावा-बहिणींची हरकत नाही असं लेखी असलेलं बरं. वडील हयात असताना हे काम जितकं सरळ होतं तितकं नंतर होत नाही, हे सातबाऱ्याच्या अनुभवावरून कुणालाही पटेल.

निवडणुकीची पावती

आचारसंहिता लागली की बंदुका जमा करण्याच्या नोटिसा निघतात. पूर्वी सरसकट सगळ्यांनाच जमा करायला लावत. गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांची छाननी समिती कुणाची शस्त्रं जमा करायची ते ठरवते. जामिनावर असलेले, गुन्हे दाखल असलेले, निवडणुकीत दंगलीत नाव आलेले यांच्यावर मुख्य भर असतो. निकाल लागल्यावर शस्त्रं परत मिळतात.

२०२४ मध्ये मार्चला लोकसभेची आणि ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. दोन्ही वेळेस नोटीस आलेल्याला वर्षात दोनदा बंदूक नेऊन द्यावी लागली आणि दोनदा परत आणावी लागली. शिवाय ग्रामपंचायती, झेडपी वेगळ्याच. म्हणून जमा करतानाची पावती वहीत चिकटवावी. तिच्यावर बंदुकीचा नंबर, काडतुसांची संख्या, तारीख आणि सही-शिक्का आहे का, ते ठाण्यातून बाहेर पडण्याआधी बघावं. परत घेताना नंबर वाचून घ्यावा, दस्ता-नळी बघावी आणि त्याच पानावर परतीची तारीख टाकावी. ठाण्यात एकसारख्या दिसणाऱ्या बंदुका रांगेने उभ्या असतात. चूक कुणाकडूनही होऊ शकते.

नान्नजच्या आसपासच्यांसाठी

माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं तेव्हा ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा हे तालुके त्यात येत. नंतर हद्द कमी होऊन १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बंदूक परवानाधारकाने वन विभागाकडे नाव नोंदवायचं असतं. नवीन परवान्यालाही वन विभागाची संमती लागते. ही नोंदणी केली असेल तर तिचा क्रमांक आणि तारीख वहीत पाहिजे. नसेल तर विचारून घ्यावं.

पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हेही ध्यानात ठेवावं. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याने कितीही ज्वारी खाल्ली तरी त्याच्यावर बंदूक चालवता येत नाही. रानडुकरासाठीसुद्धा आधी वन विभागाची परवानगी लागते.

माळ्यावरची गंजकी ठासणी

अक्कलकोटच्या राजवाड्यातला शस्त्रसंग्रह बघायला लांबून लोक येतात. तेवढा नसला तरी जिल्ह्यातल्या अनेक वाड्यांच्या माळ्यावर एखादी ठासणीची बंदूक गंजत पडलेली असते. “ती चालतच नाही, तिला कशाला परवाना,” असं सगळे म्हणतात. कायद्यात सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुन्या शस्त्राला आहे. नुसती गंजली म्हणजे सूट मिळाली, असं नाही. हे घरच्यांनी आपल्या मनाने ठरवू नये. फोटोसह लेखी अर्ज देऊन, अधिकाऱ्यांचं उत्तर घेऊन वहीत ठेवावं.

वही कुठं ठेवायची

बंदुकीसोबत कधीच नाही. बंदूक चोरीला गेली तर वहीही जाईल आणि फिर्याद देताना नंबर सांगता येणार नाही. चोरी झाली तर लगेच ठाण्यात कळवावं लागतं. नंबर हातात असेल तर फिर्याद अर्ध्या तासात होते आणि उद्या ती बंदूक कुठं गुन्ह्यात सापडली तर मालकाला सांगायला आधार राहतो. वही सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवावी, झेरॉक्स घरातल्या एका भरवशाच्या माणसाकडे द्यावी. कुलपाची किल्ली कुठं असते ते वहीत लिहू नये. पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नयेत आणि बंदूक घेऊन स्टेटस तर मुळीच ठेवू नये.

पहिल्या पानावर परवान्याची मुदत लिहावी आणि त्याच्या तीन महिने आधीची तारीख लाल पेनने. नूतनीकरणाला तेव्हाच लागावं. परवाना आता ५ वर्षांचा मिळतो, त्यामुळं तारीख विसरणं जास्त सोपं झालंय.

आणि वही झाली की बायकोला, मुलांना एकदा जवळ बसवून दाखवावी. घरात काय आहे, किती आहे, आपल्या माघारी ते कुठं नेऊन द्यायचं, एवढं त्यांना कळलं तर तेराव्यानंतर काढायच्या कागदांत हा एक कागद वाढेल. ज्या घरात बंदूक आहे, तिथं तो वाढलेलाच बरा.