नावाची किंमत आणि शिस्तीचे मोल

पुरवठा वाढला की किंमत उतरते, हा अर्थशास्त्राचा पहिला पाठ. तो शिकविताना वर्गातला एखादा शेतकऱ्याचा मुलगा हमखास विचारतो, "सर, मग सगळ्यांनी मिळून थोडे कमी पिकवले तर?" उत्तर ठरलेले असते : लक्षावधी शेतकऱ्यांना असे एकत्र आणणे अशक्य, कारण शब्द मोडणाऱ्याचाच फायदा अधिक होतो. हे उत्तर सर्वसाधारणपणे खरे आहे. परंतु त्याला एक लक्षणीय अपवाद दक्षिण फ्रान्समधील एका लहानशा गावाने घालून दिला आहे. त्या गावाचा माल मद्य आहे. मद्यपानाचा पुरस्कार हा या लेखाचा हेतू नाही. प्रश्न उत्पादकाच्या हिताचा आहे.

शातोनफ द्यु पाप, म्हणजे ‘पोपचा नवा किल्ला’, हे गाव ऱ्होन नदीच्या खोऱ्यात, आव्हिन्यों आणि ऑरांज या शहरांच्या मध्ये वसले आहे. चौदाव्या शतकात पोपची गादी रोमहून आव्हिन्योंला आली, तेव्हा बाविसावे पोप जॉन यांनी येथे किल्ला बांधविला. त्यावरून गावाला हे नाव पडले. येथील अनेक मळ्यांत माती दिसतच नाही. नदीने पूर्वी वाहून आणलेल्या वाटोळ्या गोट्यांचा जाड थर असतो. हे गोटे दिवसा तापतात आणि रात्री ती ऊब वेलींना देतात. उत्तरेकडून ‘मिस्त्राल’ नावाचा सोसाट्याचा कोरडा वारा वाहतो. तो वेलींना झोडपतो, पण द्राक्षांवरची बुरशीही रोखतो. अशा भूमीत ग्रनाश जातीचे द्राक्ष भरपूर साखर धरते. त्यात सिरा, मुर्वेद्र इत्यादी वाणांची जोड देऊन येथील गडद, जोरकस तांबडी वाइन तयार होते. परंपरेने १३ वाणांना मान्यता आहे.

इतके असूनही विसाव्या शतकाच्या आरंभी या गावाला स्वतःचे नाव असे नव्हते. येथील पुष्कळशी वाइन पिंपांतून बर्गंडीकडे जाई आणि तिकडच्या पातळ वाइनला जोर आणण्यासाठी तिच्यात मिसळली जाई. श्रम ऱ्होनकाठच्या शेतकऱ्याचे, कीर्ती मात्र दुसऱ्याची! त्यापूर्वी १८६० नंतरच्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा या किडीने याच परिसरापासून आरंभ करून फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले होते. अमेरिकन खुंटावर कलम बांधण्याच्या उपायाने द्राक्ष वाचले. (आपल्याकडील बागायतदारांच्या परिचयाचा ‘डॉगरिज’ खुंटही मूळचा अमेरिकनच.) पण टंचाईच्या काळात बोकाळलेली भेसळ टंचाई संपल्यावरही थांबली नाही. साखरपाण्याच्या आणि मनुकांच्या वाइनने बाजार भरला, भाव कोसळले. १९०७ साली लांगदोक प्रांतात द्राक्षउत्पादकांचा प्रचंड उठाव झाला आणि नार्बोन येथे सैन्याच्या गोळीबारात माणसे मेली.

अशा पार्श्वभूमीवर १९२३ च्या सुमारास शातोनफचे उत्पादक बॅरन पिएर ल र्‍वा यांच्याकडे गेले. हे गृहस्थ कायद्याचे शिक्षण घेतलेले, पहिल्या महायुद्धातील वैमानिक, आणि विवाहसंबंधाने गावातील एका मळ्याशी जोडले गेलेले. प्रामाणिकपणाचा आदर्श आधी तुम्ही घालून द्या, या अटीवर त्यांनी नेतृत्व पत्करले, असे सांगतात. मग नियम ठरले. मळा कोठल्या जमिनीत असावा? तर जेथे थाइम आणि लॅव्हेंडर ही रानझुडुपे आपोआप एकत्र उगवतात, इतक्या निकस जमिनीत! वाण ठरलेले, मद्यार्काचे किमान प्रमाण १२.५ टक्के, आणि तोडणीनंतर हलकी द्राक्षे निवडून बाजूला काढणे सक्तीचे. न्यायालयीन लढा १९३३ पर्यंत चालला. १९३५ साली फ्रान्सने मूळस्थानाच्या नावाला संरक्षण देणारा कायदा केला आणि १९३६ साली हे गाव त्याच्या पहिल्या लाभार्थींपैकी एक ठरले. आजही येथे उत्पादनाची मूळ मर्यादा हेक्टरी ३५ हेक्टोलिटर, म्हणजे ३,५०० लिटर आहे. साध्या वाइनच्या मळ्यांतून याच्या दुपटीहून अधिक सहज निघते. यंत्राने तोडणी करण्यास मनाई आहे.

या व्यवस्थेवर आक्षेप घेता येतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. सीमारेषेच्या आत असणाऱ्याचे भाग्य उजळते. बांधापलीकडच्या शेजाऱ्याला तसाच कष्टाचा माल कितीतरी कमी भावाने विकावा लागतो. ही एका अर्थी मक्तेदारीच होय. तथापि सामान्य मक्तेदार ग्राहकाला काहीही न देता किंमत वाढवितो. येथे उत्पादक त्याबदल्यात गुणवत्तेची हमी देतो. ती हमी ढळली, तर त्या मक्तेदारीचे नैतिक समर्थनही संपते.

आपल्या दृष्टीने बोध येथेच आहे. भौगोलिक निर्देशांकांचा कायदा भारताने १९९९ साली केला. ‘नाशिक व्हॅली वाइन’ची नोंद त्याखाली झाली, २०१८ साली कोकणच्या हापूसलाही मानांकन मिळाले. तरीही दर हंगामात परप्रांतीचा आंबा ‘देवगड हापूस’च्या पेटीतून आपल्या घरी येतोच. आपण प्रमाणपत्र मिळविले, सत्कार केले आणि काम संपले असे मानले. शातोनफमध्ये क्रम उलट होता : शिस्त आधी आली, शिक्का नंतर. तेथे उत्पादकांनी पहिले बंधन स्वतःवर घातले आणि मगच भेसळ करणाऱ्याला न्यायालयात खेचले.

वर्गातल्या त्या मुलाला म्हणूनच आता मी वेगळे उत्तर देतो. कमी पिकविण्याने भाव मिळेलच असे नाही. पण जे पिकविले त्यावर आपले खरे नाव घालण्याची आणि ते नाव राखण्यासाठी शेजाऱ्यालाही जाब विचारण्याची तयारी असेल, तर मिळू शकतो. नाव सरकार नोंदवू शकते. त्याची पत मात्र उत्पादकांनाच मिळवावी लागते.