घर बांधायचं तर दोन फायली: एक महापालिकेची, एक बँकेची

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्यांनी केली त्यांच्या वेळी ना बांधकाम परवानगी होती, ना गृहकर्ज. आज ती केली असती, तर तिला आणखी दोन शेपट्या जोडाव्या लागल्या असत्या. फ्लॅट घेणाऱ्यासाठी कागदांची बरीचशी धावपळ बिल्डर करतो. स्वतः घर बांधणारा माणूस स्वतःच बिल्डर असतो, पण हे त्याला काम अर्धं झाल्यावर कळतं. आज आपण ते पाया खणण्याआधी समजून घेऊ.

सुरुवात माझ्याच चुकीने करतो. सिंहगड रस्त्यालगत मी घर बांधलं, तेव्हा मंजूर नकाशात बाजूला मोकळी जागा सोडलेली होती. मला वाटलं, वाया कशाला घालवायची? तिथे एक छोटी कोठीची खोली काढली. घर झालं, वास्तुशांत झाली, आम्ही राहायला गेलो. पूर्णत्वाचा दाखला काय, नंतर घेऊ. हे 'नंतर' नऊ वर्षं चाललं. मग मुलीच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवून कर्ज काढायची वेळ आली. बँकेने पहिल्याच भेटीत विचारलं, भोगवटा प्रमाणपत्र कुठंय? ते नव्हतं. प्रवेशाची तारीख डोक्यावर, आणि मी घरात गवंडी बोलावून स्वतःची खोली स्वतः पाडत होतो. खोली बांधायला जेवढा खर्च आला होता, त्याहून जास्त ती पाडायला आणि कागद सरळ करायला आला. म्हणून सांगतो, महापालिकेची फाईल आणि बँकेची फाईल या वेगळ्या नाहीत. एकीत जे लिहिलंय, तेच दुसरी वाचते.

पहिला प्रश्न: जागा नक्की कसली?

पुण्यात हा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण शहर गावं पोटात घेत वाढलं. १९९७ मध्ये २३ गावं आली, २०१७ मध्ये ११, २०२१ मध्ये आणखी २३. त्यामुळे एकाच रस्त्याच्या एका बाजूला सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड आणि दुसऱ्या बाजूला सातबारा, असं चित्र दिसतं.

सातबारा हातात आला की लोक फक्त मालकाचं नाव बघतात. तुम्ही तीन गोष्टी बघा. एक, भोगवटादार वर्ग १ की वर्ग २. वर्ग २ असेल, तर विक्री-हस्तांतरणावर शासनाच्या अटी असतात आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढे जाता येत नाही. दोन, 'इतर हक्क' हा रकाना. कुळ, बोजा, वाद, सगळं तिथे दडलेलं असतं. तीन, फेरफार. नाव कसं चढलं, वारसाने की खरेदीने, हे मागे मागे जात बघा. बँकेचा वकील साधारण तीस वर्षांचा शोध घेतो. त्याच्या आधी तुम्ही घ्या.

आता गुंठेवारी. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. उपनगरांत कितीतरी जणांनी एक-दोन गुंठे घेतलेत आणि सातबाऱ्यावर त्यांच्या जोडीला दहा-पंधरा नावं आहेत. सामाईक सातबारा. तुमचा हिस्सा कागदावर आहे, पण तो जमिनीवर नेमका कुठे, हे कोणताही मंजूर नकाशा सांगत नाही. अशा जागेवर बहुतेक बँका कर्जच देत नाहीत. राज्याचा गुंठेवारी कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करण्याची वाट मोकळी झाली. पण 'वाट मोकळी झाली' म्हणजे 'झालं' नव्हे. अर्ज, मोजणी, शुल्क, सगळं व्हावं लागतं. आणि नदीपात्रात, आरक्षणात किंवा डोंगरउतारावर असलेला गुंठा नियमित होईल, या भरवशावर पैसे गुंतवू नका.

आणि शेतजमीन? महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला ती सहसा घेताच येत नाही, आणि गृहकर्ज तर शेतजमिनीवर मिळतच नाही. 'एनए होणार आहे' हे वाक्य ऐकलं की कागद मागा. मोठा लेआउट पाडून प्लॉट विकत असतील, तर महारेराचा नोंदणी क्रमांकही मागा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या प्लॉटिंगला तो लागतो.

जागेबद्दल शेवटचं. पाणी. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र सहकारनगर, अरण्येश्वरच्या लोकांना विसरता येणार नाही. आंबिल ओढा घरांत शिरला. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत मुठेचं पाणी आलं. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायची परवानगी मिळत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटी घालून मिळते. प्लॉट स्वस्त का मिळतोय, याचं उत्तर पुष्कळदा याच दोन रेषांत असतं. विकास आराखड्यातला झोन दाखला काढा आणि रेषा कुठून जाते ते बघा. दाखल्याचं शुल्क किरकोळ असतं हो. माणसं लाखांचं बयाणं देतात आणि हा दाखला काढत नाहीत!

दुसरा प्रश्न: परवानगी कशाची, किती दिवसांची?

२ डिसेंबर २०२० ला राज्याची एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले, तर सगळीकडे तीच लागू आहे. छोट्या माणसासाठी त्यात एक चांगली सोय आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या कायदेशीर भूखंडावर नियमात बसणारा नकाशा सादर करून शुल्क भरलं की ती पावतीच परवानगी मानली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरला, परवानाधारक अभियंत्याच्या किंवा वास्तुविशारदाच्या प्रमाणपत्रावर, दहा दिवसांत परवानगी द्यायची आहे. यात 'कायदेशीर भूखंड' हे दोन शब्द महत्त्वाचे. जागेचा कागदच कच्चा असेल, तर ही सोय तुमच्यासाठी नाही.

किती बांधता येतं? उदाहरण घेऊ. दोन गुंठ्यांचा प्लॉट, म्हणजे सुमारे २०२ चौरस मीटर. मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १.१. म्हणजे सुमारे २२२ चौरस मीटर. निवासी इमारतीला त्यावर ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र अधिमूल्य भरून मिळू शकतं, म्हणजे आणखी सुमारे १३३. पण हा झाला कागदावरचा कमाल आकडा. सामासिक अंतरं, उंची, पार्किंग आणि समोरच्या रस्त्याची रुंदी हे सगळं बसल्यावर जे उरतं, ते तुमचं घर. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल, तर वरचा टीडीआर वगैरे विसरा.

खर्चाच्या यादीत लोक सिमेंट-स्टील लिहितात आणि शुल्कं विसरतात. छाननी शुल्क, विकास शुल्क, अधिमूल्य, कामगार कल्याण उपकर. यातली बरीचशी रेडी रेकनरच्या दरावर ठरतात, म्हणून एकाच आकाराच्या घराला कोथरूडमध्ये एक आकडा आणि मांजरीत दुसरा. वास्तुविशारदाकडून हा अंदाज लेखी घ्या.

बांधकाम सुरू करण्याचा दाखला एक वर्ष चालतो. पुढे दरवर्षी वाढवून घेता येतो, पण ही वाढ एकूण तीन वर्षांच्या वर जात नाही. दाखला मिळाला, जोत्यापर्यंत काम आलं, की थांबायचं आणि जोते तपासणी करून घ्यायची. घर चुकलंय का, हे कळण्याची ही सर्वांत स्वस्त वेळ. जोतं दोन फूट सरकलं असेल तर आत्ता दुरुस्त होतं. तीन स्लॅब पडल्यावर होत नाही.

तिसरा प्रश्न: पैसे कधी येतात?

बांधणाऱ्याच्या कर्जाचं गणित फ्लॅटसारखं नाही. बँक सगळी रक्कम एकदम देत नाही, टप्प्याटप्प्याने देते. पाया, जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा, फिनिशिंग. प्रत्येक टप्प्याला बँकेचा माणूस येऊन बघतो आणि मग पैसे सुटतात. म्हणजे काम आधी, पैसे नंतर. ठेकेदाराला मात्र पैसे आधी हवे असतात! हे मधलं अंतर तुमच्या खिशातून भरायचं असतं.

किती कर्ज? रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. समजा, बांधकामाचा खर्च ४० लाख. कर्ज मिळेल ३२ लाख, तुमचे ८ लाख. आणि हे तुमचे ८ लाख बँक सहसा आधी खर्च करायला सांगते. त्यातलेच तुम्ही शुल्कांत आणि बोअरमध्ये घातलेत, तर जोत्यापाशीच गाडी अडते.

आता उशिराची किंमत बघा. व्याज ९ टक्के धरू. २४ लाख उचलले असतील, तर नुसतं व्याज महिन्याला १८,००० रुपये. तुम्ही राहताय भाड्याच्या घरात, ते भाडं धरा २०,०००. महिन्याला ३८,०००. ठेकेदाराने काम सहा महिने रखडवलं, तर २ लाख २८ हजार गेले आणि मुद्दलातला रुपयाही फिटला नाही. म्हणून ठेकेदाराशी करार लेखी करा. टप्पे तेच लिहा, जे बँकेच्या पत्रात आहेत. मजुरीचा वेगळा करार आणि सामान तुमचं, की सगळं त्याचं, हेही स्पष्ट लिहा.

आता दोन फायली कुठे जुळतात ते सांगतो. दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००६ मध्ये बँकांना सूचना दिल्या. घर बांधायला कर्ज द्यायचं तर मंजूर नकाशाची प्रत घ्या. कर्जदाराकडून प्रतिज्ञापत्र घ्या की तो नकाशाबाहेर बांधणार नाही. आणि बँकेने नेमलेल्या वास्तुविशारदाने वेगवेगळ्या टप्प्यांवर काम नकाशाप्रमाणे आहे, असं प्रमाणित करावं. म्हणजे बघा, नकाशात तळमजला अधिक एक आहे आणि तुम्ही दुसऱ्या मजल्याचे कॉलम उभे केलेत, तर महापालिकेची नोटीस येण्याआधी बँकेचा पुढचा टप्पा थांबू शकतो. बदल करायचाच असेल, तर आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्या, मग गवंड्याला सांगा.

करसवलतीचं एक वाक्य. जुन्या करप्रणालीत स्वतः राहायच्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, पण ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतलं, ते संपल्यापासून पाच वर्षांत घर पूर्ण व्हायला हवं. नाही झालं, तर वजावट ३० हजारांवर येते. नव्या प्रणालीत ही वजावट नाहीच. उत्पन्न वर्षाला ३ लाखांच्या आत आणि स्वतःची जागा असेल, तर प्रधानमंत्री आवास योजना शहरीच्या दुसऱ्या टप्प्यात ४५ चौरस मीटरपर्यंतचं घर बांधायला अडीच लाखांचं साहाय्य आहे. ती चौकशी आधी करा.

शेवटचा कागद

घर झालं की परवानाधारक वास्तुविशारद पूर्णत्वाचा अर्ज करतो आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळतं. हे न घेता लोक मिळकतकराची पावती दाखवतात. 'आम्ही टॅक्स भरतो, म्हणजे घर अधिकृत.' नाही हो! कर बेकायदा बांधकामालाही लागतो, उलट दंड म्हणून जास्त लागू शकतो. १७ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने मीरतच्या एका प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले. त्यांत इमारत तारण घेऊन कर्ज देताना बँकांनी हा दाखला तपासावा, वीज-पाण्याच्या जोडण्याही तो पाहूनच द्याव्यात, असं म्हटलंय. माझ्या वेळी 'नंतर घेऊ' चालून गेलं, आणि नंतर नडलं. तुमच्या वेळी चालणारच नाही.

प्रश्नोत्तरं

*प्लॉट वडिलांच्या नावावर आहे. कर्ज मी काढणार. चालेल?*

वडिलांना सहकर्जदार व्हावं लागेल, कारण तारण त्यांचं आहे. पण व्याजाची वजावट हवी, तर तुम्ही मालकही असायला हवं, फक्त हप्ते भरून भागत नाही. आणि भावंडं असतील, तर आत्ताच एकत्र बसा. वडिलांच्या जागेवर तुमच्या पैशाचं घर उभं राहतं, आणि दहा वर्षांनी घरात वाद उभा राहतो. बक्षीसपत्र की वाटणीपत्र, ते वकिलाला विचारून पाया खणायच्या आधी ठरवा.

*आधी प्लॉटचं कर्ज घ्यावं की एकत्र?*

लवकर बांधणार असाल तर प्लॉट आणि बांधकाम यांचं एकत्र कर्ज बघा. नुसत्या प्लॉटच्या कर्जावर घर होईपर्यंत करसवलत नाही, आणि बँका बांधकामाला ठरावीक मुदत घालतात. मंजुरीपत्रातली ती ओळ नीट वाचा.

*ठेकेदार म्हणतो, काम सुरू करू, परवानगी मागाहून बघू.*

त्याला विचारा, पाडायची वेळ आली तर खर्च निम्मा-निम्मा का? तो काय उत्तर देतो ते ऐका, आणि मग ठेकेदार ठरवा.