नमुन्यातले ॲप सेविकेच्या हाती येईपर्यंत



मागच्या कापणीच्या सणाला आपल्या मिशनच्या टेबलावर एक फोन ठेवला होता. मेळघाटातल्या आपल्या आरोग्यसेविकांसाठी जे ॲप करायचे आहे त्याचा नमुना त्यात होता. पुष्कळांनी तो हाताळून पाहिला. बाळाचे नाव, दंडाचे माप, ‘जतन करा’ असे बटण, आणि ते दाबले की लाल, पिवळी किंवा हिरवी स्क्रीन. तेव्हापासून पत्रांत आणि भेटींत एकच प्रश्न येतो: ॲप तर तयार होते, मग अजून सेविकांना का दिले नाही? काहींनी स्पष्टच विचारले, की देणगीचे पैसे आता कशावर खर्च होत आहेत? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दोन ओळींत मावत नाही.

आपण पाहिले ते ॲप नव्हते, ॲपचे चित्र होते. फिग्मा नावाच्या साधनात एकेक स्क्रीन काढतात आणि या बटणावर बोट ठेवले की पुढचे अमुक चित्र दाखव, असे जोडून देतात. त्यात बाळाचे नाव कोणी लिहीत नाही, ते आधीच काढलेले असते. ‘जतन करा’ दाबल्यावर काहीही जतन होत नाही. घर बांधण्याआधी पुठ्ठ्याचे घर करतात, तसाच हा प्रकार. खिडकी कुठे हवी ते कळते, पण पावसात त्यात राहता येत नाही.

म्हणून नमुना कमी महत्त्वाचा असे मात्र नाही. पहिल्या नमुन्यात वजनाचा एक सुंदर आलेख होता. सेविकांनी तो पाहिला आणि सांगितले, आमच्या हातात पट्टी असते, पट्टीवरच रंग असतात, मग फोनमध्ये पट्टी का दिसत नाही? आलेख गेला, पट्टी आली. चित्र बदलायला एक संध्याकाळ पुरली. तीच सूचना ॲप बांधून झाल्यावर आली असती, तर काही आठवड्यांचे काम मोडावे लागले असते.

ही पट्टी काय आहे ते आधी सांगतो. सहा महिने ते 59 महिने वयाच्या बाळाच्या डाव्या दंडाचा घेर मधोमध मोजतात. घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर बाळ तीव्र कुपोषित, 11.5 ते 12.5 च्या आत असेल तर मध्यम, आणि त्यापुढे ठीक. दोन्ही पायांवर सूज असेल, बोटाने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर माप काहीही येवो, ते बाळ तीव्र कुपोषितच धरतात. काम सोपे आहे, वहीतही होते आणि आपल्या सेविका ते वहीत चोख करतातही. अडचण मोजण्यात नाही, मोजल्यानंतर आहे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतली पुष्कळ कोरकू कुटुंबे दिवाळीनंतर मजुरीला बाहेर पडतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर, कोणी शेतांत. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण, तेव्हा ती परत येतात. दिवाळीच्या सुमारास लाल निघालेल्या बाळाच्या घराला पुढच्या भेटीत कुलूप असते. वही सेविकेच्या पिशवीत आणि बाळ दुसऱ्या गावात. शंभरातले हरवलेले एक मेंढरू शोधायला निघायचे, तर आधी ते कोणते आणि कुठे गेले हे कोणाला तरी माहीत असावे लागते. ॲप हवे ते एवढ्यासाठीच.

आता खऱ्या बांधणीकडे येऊ. पहिला प्रश्न नेटवर्कचा. डोंगरातल्या बऱ्याच पाड्यांवर फोनला रेंज नसते. म्हणून नोंद आधी फोनमध्येच साठली पाहिजे, आणि सेविका रेंजमध्ये आली की आपोआप कार्यालयातल्या नोंदींत जाऊन मिळाली पाहिजे. ऐकायला सरळ आहे, पण आपल्या मंडळीच्या खजिनदारांना यातली मेख लगेच कळेल. दोन जणांना दोन पावती पुस्तके दिली आणि दोन्हींत 1 पासूनचेच क्रमांक असले, तर 27 क्रमांकाच्या दोन पावत्या निघतात. मग वर्षाअखेर हिशेब लागत नाही. दोन पाड्यांवर दोन सेविका, दोघींच्या फोनला रेंज नाही, दोघींनी 27 वे बाळ नोंदवले, तर कार्यालयात एक बाळ दुसऱ्यावर चढून बसेल. याला उपाय असा की प्रत्येक नोंदीला फोन स्वतःच 36 चिन्हांचा एक लांबलचक क्रमांक देतो. तो इतका विस्कळीत असतो की दुसऱ्या फोनवर तोच पडण्याची शक्यता जवळजवळ नसतेच. याचा दुसरा फायदाही झाला. नोंदी पाठवताना मध्येच रेंज गेली, तर फोन त्या पुन्हा पाठवतो, आणि ओळखीचा क्रमांक दिसला की पलीकडचा संगणक दुसरी प्रत करत नाही.

दुसरा प्रश्न खाडाखोडीचा. एकाच बाळाची नोंद आधी एका सेविकेने केली आणि नंतर दुसरीने बदलली, तर खरे कोणाचे धरायचे? बाप्तिस्मा रजिस्टरात आपण मूळ नोंद खरवडून काढत नाही. चूक दुरुस्त करायची तर मूळ अक्षर वाचता येईल असे ठेवून बाजूला दुरुस्ती लिहितो आणि सही करतो. ॲपमध्येही तोच नियम ठेवला आहे. जुने माप पुसले जात नाही. नवीन माप त्याच्या खाली, तारखेसह आणि नोंदवणाऱ्या सेविकेच्या नावासह येते. यामुळे प्रोग्रॅमरचे काम वाढले, पण याला पर्याय नव्हता. बाळाचा दंड 11.9 वरून 11.6 झाला आहे हेच तर पाहायचे असते. शेवटचा आकडा तेवढा ठेवला, तर ती घसरण दिसणारच नाही.

आता एका चिन्हाची गोष्ट. नमुन्यातल्या लाल बाळाचे माप 11.2 होते. ते चित्र पाहून 11.5 वर नेमके काय होते हे विचारण्याचे कोणाला कारणच नव्हते. चालणाऱ्या ॲपला मात्र ते सांगावेच लागते. संगणकाच्या भाषेत ‘पेक्षा कमी’ आणि ‘पेक्षा कमी किंवा तेवढेच’ यांत फक्त एका चिन्हाचा फरक असतो, आणि त्या चिन्हावर एखादे बाळ लाल ठरते की पिवळे. आम्ही आमच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी नियम दाखवला: 115 मिलिमीटरपेक्षा कमी ते लाल, नेमके 115 ते पिवळे. मापे आता मिलिमीटरमध्येच साठवली जातात, म्हणजे दशांश चिन्हाचा घोळ राहत नाही. तरीही कोणी 11.5 लिहील, कोणी 115. ॲप स्वतः अंदाज करत नाही. आकडा नियमाबाहेरचा दिसला की पट्टीचे चित्र दाखवून पुन्हा विचारते. माझ्या मते ॲपमधली ही सर्वांत चांगली गोष्ट आहे, आणि ती बाहेरून दिसत नाही.

वयाचेही तसेच. नमुन्यात जन्मतारखेचा सुंदर रकाना होता. पाड्यावर माता-बाल कार्ड जपून ठेवलेले असेल तर तारीख मिळते. नाहीतर आई सांगते, मोह वेचायला जात होतो तेव्हा झाला. कुपोषणाची पाहणी करणारे लोक अशा वेळी स्थानिक सण आणि हंगाम यांवरून महिना ठरवतात. तीच रीत ॲपमध्ये आणली आहे. होळीच्या आधी की नंतर, पोळ्याच्या आधी की नंतर, असे विचारत ते महिन्यापर्यंत पोहोचते आणि त्या वयापुढे ‘अंदाजे’ अशी खूण करून ठेवते. सक्तीचा रकाना ठेवला असता, तर कोणीतरी पुढे जाता यावे म्हणून 1 जानेवारी टाकून दिले असते. तारखेचे रकाने असलेल्या कोणत्याही रजिस्टरात पाहा, 1 तारखेला जन्मलेली किती माणसे सापडतात!

नावांचा घोळ सांगत बसत नाही. सुनिता आणि सुनीता ही एकच मुलगी आहे हे संगणकाला शिकवावे लागते, एवढे पुरे. भाषेबद्दल मात्र थोडे सांगायला हवे. कोरकू ही मराठीची बोली नाही. ती संथाली, मुंडारी यांच्या कुळातली वेगळीच भाषा आहे. सेविकांना मराठी वाचता येते, म्हणून बटणे मराठीत आहेत. आईला द्यायचा निरोप मात्र कोरकूत, सेविकेच्याच आवाजात भरलेला आहे. लेखी निरोप दाखवण्यापेक्षा ओळखीचा आवाज ऐकवणे बरे, असे सेविकांचेच म्हणणे पडले.

चाचणीसाठी दोन पाड्यांवर ॲप दिले आणि शेजारी वही चालूच ठेवली. खोलीत बसून कधी सुचल्या नसत्या अशा गोष्टी तिथे कळल्या. दुपारच्या उन्हात स्क्रीनवरचा लाल आणि पिवळा सारखाच दिसतो, म्हणून आता रंगासोबत मोठ्या अक्षरांत शब्दही येतो. ओल्या बोटांनी बटण नीट दाबले जात नाही, म्हणून बटणे मोठी केली. जुन्या फोनची बॅटरी पूर्ण उतरली आणि तो रेंज नसलेल्या जागी पुन्हा सुरू झाला, तर कधीकधी त्याची तारीखच काही वर्षे मागे जाते. तेव्हा नवीन माप मागच्या मापाच्या आधीचे दिसू लागले, तर ॲप थांबते आणि आजची तारीख विचारते.

आणखी एक विषय आहे, आणि तो कदाचित काहींना आवडणार नाही. ॲपमध्ये बाळांचे फोटो का नाहीत, असे काही हितचिंतकांनी विचारले. फोटो असले तर वार्तापत्रात छापता येतील, देणगीला मदत होईल, असा त्यामागचा चांगला हेतू मी समजतो. तरीही फोटो नाहीत आणि असणार नाहीत. हाडे दिसणारे आपले लेकरू अनोळखी घरांतल्या टेबलावर जावे असे आपल्यापैकी कोणत्या आईला वाटेल? कायदाही आता स्पष्ट आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. सेविका आधी आईवडिलांना कोरकूत समजावते, ते नाही म्हणाले तर नोंद होत नाही, आणि उपचारात काही फरक पडत नाही. माहिती फोनमध्ये कुलूपबंद असते, म्हणजे फोन हरवला तरी पिनशिवाय ती वाचता येत नाही. आणि हो, धर्माचा रकानाही ॲपमध्ये नाही. बाळाचा दंड मोजायला तो लागत नाही.

हे ॲप सरकारी कामाची जागा घेत नाही. अंगणवाडीताईंकडे केंद्र सरकारचे पोषण ट्रॅकर आहे आणि अधिकृत नोंद तिथलीच. लाल बाळ सापडले की सेविका अंगणवाडीताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवते. गरज असेल तर आईबरोबर पोषण पुनर्वसन केंद्रापर्यंत जाते. आपले ॲप तिला एवढेच सांगते, की आज कोणत्या दारात जायचे आहे, आणि कुटुंब बाहेरगावी असेल तर ते कुठे गेले आणि कधी परतणार.

खर्चाकडे वळतो. नमुन्याला फारसा खर्च आला नाही. प्ले स्टोअरवर ॲप ठेवण्याचे नोंदणी शुल्क एकदाच 25 डॉलर असते, तेही मोठे नाही. पैसा लागतो तो वर सांगितलेल्या न दिसणाऱ्या कामाला: प्रोग्रॅमरच्या वेळेला, चाचणीला, सेविकांच्या प्रशिक्षणाला. आणि ॲप चालू झाले की खर्च संपत नाही. माहिती ठेवण्याच्या संगणकाचे भाडे दर महिन्याला द्यावे लागते. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या येत राहतात आणि त्यांना जुळवून न घेतलेले ॲप काही काळाने मागे पडते. प्रार्थनामंदिराच्या छपराची कौले दर पावसाळ्याआधी पाहावी लागतात, तसेच हे. उद्‌घाटनाला देणगी सहज मिळते, कौले फिरवायला मिळत नाही, हा अनुभव आपल्या सगळ्याच मंडळ्यांचा आहे. म्हणून या वर्षीच्या अंदाजपत्रकात देखभालीचा आकडा वेगळा दाखवला आहे. तो कमी करण्याची सूचना आली, तर मी विरोध करणार आहे.

सध्या चाचणीची आवृत्ती सेविकांच्या फोनवर आहे. येत्या होळीपर्यंत वही आणि ॲप दोन्ही चालतील. बाहेर गेलेली कुटुंबे परत आल्यावर दोन्हींतली नावे एकमेकांसमोर ठेवून तपासू, आणि दोन्हीकडे तीच बाळे निघाली तरच वही थांबवू. तोपर्यंत वाटेत असलेल्या या लेकरांना आणि त्यांच्यामागे चालणाऱ्या सेविकांना आपल्या प्रार्थनेत आठवा.

काही जणांनी वापरलेले फोन देऊ केले आहेत, त्याबद्दल आभार. फोन अँड्रॉइडचा असावा, बॅटरी दिवसभर टिकावी आणि सोबत चार्जर असावा. देण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन आपले गूगल खाते काढून टाका आणि मगच फोन कोरा करा. खाते तसेच राहिले, तर फोन पुन्हा सुरू करताना आपला पासवर्ड मागतो आणि आम्हाला तो उघडता येत नाही. फोन आपल्या मंडळीच्या खजिनदारांकडे द्यावेत; ते पुढच्या तिमाही सभेला आमच्याकडे येतील.