अंधाराकडे निघालेली वेल

बदलापूरचा पारा चाळिशीपार गेल्याची बातमी आली, की पाठोपाठ नर्सरीवाल्यांकडे तक्रारी येऊ लागतात. घरचा मनी प्लांट ढिम्म असतो. हौसेने मागवलेल्या मॉन्स्टेराच्या किंवा राफिडोफोराच्या पानांवर मात्र तपकिरी, कागदी चट्टे उमटलेले. दोष बहुतेकदा पश्चिमेच्या ग्रिलचा. या वेली जंगलातल्या झाडांच्या सावलीत वाढलेल्या. दुपारचं ऊन थेट अंगावर घेणं त्यांच्या रक्तातच नाही.

मग ही हौस एवढी महाग का? न्यूझीलंडच्या ‘ट्रेड मी’ या संकेतस्थळावर जून 2021 मध्ये नऊ पानांची एक पांढरट चट्टेरी राफिडोफोरा टेट्रास्पर्मा 27,100 न्यूझीलंड डॉलरना गेली. आपले साधारण 14 लाख! पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणजे तो भाग अन्न तयार करत नाही आणि उन्हात आधी जळतो. अशा अर्धपोटी झाडाला एवढी किंमत, हा निव्वळ बाजाराचा खेळ. टिश्यू कल्चरची रोपं आली की असले भाव कोसळतात. ‘पिंक प्रिन्सेस’ फिलोडेंड्रॉनचं हेच झालं.

खरी गंमत पैशांपलीकडची आहे. डोनाल्ड स्ट्राँग आणि थॉमस रे या शास्त्रज्ञांनी कोस्टा रिकाच्या जंगलात मॉन्स्टेराची कोवळी रोपं पाहिली आणि 1975 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलं, की ती उजेडाकडे नाही, अंधाराकडे सरपटतात! कारण जंगलात सगळ्यात काळोखी दिसते ती जाड बुंध्याची बाजू. बुंधा हाती लागला, की वेल पवित्रा बदलते आणि उजेडाकडे चढू लागते. यातले रे नंतर संगणकाकडे वळले. स्वतःच्या प्रती काढणारे आणि उत्क्रांत होणारे प्रोग्राम असलेली ‘टिएरा’ ही संगणकातली दुनिया त्यांचीच. वेलीमागे फिरलेल्या माणसाला हे सुचावं, यात नवल वाटत नाही.

कुंडीतल्या वेलीचंही गणित तेच. लोंबत ठेवली तर पानं लहानच राहतात, भोकं पडायला टाळाटाळ करतात. आधाराला शेवाळाची काठी (मॉस स्टिक) लावून ती ओली ठेवा, पेरापाशी फुटलेलं हवाई मूळ तिला टेकवून सुतळीने सैल बांधा. पुढची पानं मोठी येऊ लागतात. छाट विकत घेताना पेर आहे ना, ते आधी बघा. नुसत्या पानाला मुळं फुटतील, पण वेल कधीच होणार नाही.

ह्युमिडिफायर मात्र विसरा. उल्हासनगर-अंबरनाथच्या पावसाळ्यात भिंती घामेजतात, तिथे यंत्राने वाफ सोडायची? जुलैत धोका उलटा: माती सुकत नाही, मुळं कुजतात. म्हणून मिश्रणात कोकोपीट कमी, कोळसा आणि सालीचे तुकडे जास्त. एप्रिल-मेमध्ये कुंडी पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीत हलवा, बाहेर ग्रीन नेट लावा. कूळ अळूचंच आहे, त्यामुळे पान चावलं तर तोंडाला खाज सुटते. रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर हवी.

आणि भोकाच्या पानांचाच सोस असेल, तर राफिडोफोरा परतुसा ही टेट्रास्पर्माची चुलत बहीण आपल्या सह्याद्रीतच बुंध्यांवर चढते. जुनी मराठी पुस्तकं तिला गणेशकांदा म्हणतात. पावसाळी भटकंतीत ती दिसली तर उपटून आणू नका, नर्सरीवाल्याकडे मागा. मागणी वाढली तरच तो रोपं करील.